ऑफिसातला भाता

पंचांनी इशारा केला, दोन्ही पैलवानांनी एकमेकांच्या मानेवर हात टाकले आणि नेमकी तेव्हाच माझ्या लेन्सची नळी अडकली.

आधी वाटलं, घामाने हात निसटला असेल. मी तळवा पॅन्टला पुसला आणि नळी पुन्हा मागे ओढली. ती हलेना. ती पूर्ण पुढे गेलेली होती, म्हणजे मैदानाच्या पार पलीकडे बसलेल्या माणसाच्या मिशीचा केसन् केस दिसत होता. पण पैलवान झोंबत झोंबत माझ्या अगदी पुढ्यात आले होते. कॅमेऱ्यातून मला दिसत होता एक कान. मग तांबड्या मातीने माखलेला एक खांदा, आणि मग कुणाचं तरी ढोपर.

"अगं घे की, काय बघत बसलीस?" दुसऱ्या पेपरचा फोटोग्राफर शेजारून म्हणाला. त्याचा कॅमेरा खटाखट चालला होता.

"अडकलीय."

"मग लहान लेन्स लाव."

लहान लेन्स इंगवले सर पालकमंत्र्यांच्या सभेला घेऊन गेले होते. मी नळीला दोन्ही हातांनी धरलं, कॅमेरा गुडघ्यांत दाबला आणि जोर लावला. आतून दळल्यासारखा आवाज आला, नळी बोटभर सरकली आणि पुन्हा बसली. तेवढ्यात घिस्सा डाव लागला आणि कुस्ती निकाली झाली. अख्खं खासबाग मैदान उठून उभं राहिलं, फेटे हवेत गेले, हलग्या कडाडल्या. जिंकलेल्या पैलवानाला लोकांनी खांद्यावर घेतलं आणि तो माझ्यासमोरून हात जोडत गेला. गावात वर्षभर जिची चर्चा चालली होती त्या कुस्तीचा माझ्याकडे एक कान होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. राग मात्र अजून ताजा आहे, आणि तो मी मुद्दाम ताजा ठेवला आहे.

मी तेव्हा कोल्हापूरच्या एका दैनिकात फोटोग्राफर होते. उमेदवारीचा काळ संपत आला होता आणि त्या महिन्यात मला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. बाई फोटोग्राफर हा प्रकार आमच्या ऑफिसात नवा होता. मी कॅमेरा घेऊन निघाले की कुणीतरी हमखास विचारायचं, "एकटीच चाललीस? कॅमेरा कोण धरणार?" मी हसून सोडून द्यायची. हसायला नको होतं, हे मला उशिरा कळलं.

ती लेन्स ऑफिसची होती आणि आमच्याकडे लांबचं टिपणारी तेवढी एकच. इतर झूम लेन्सची कडी गोल फिरवतात. हिची नळी पुढेमागे सरकवावी लागे. लांबचं जवळ आणायचं तर नळी पुढे ढकलायची, नको असेल तर मागे ओढायची. पुढे गेली की ती बाहेरची हवा आत ओढायची आणि मागे आली की सोडायची. म्हणून ऑफिसात सगळे तिला, लोहाराच्या भात्यावरून, भाता म्हणत. भाता जुना झाला होता. कॅमेरा गळ्यात अडकवून खाली वाकलं की नळी आपल्याच वजनाने भसकन बाहेर यायची. ती थांबवायला लेन्सवर एक आवळायची कडी असते. इंगवले सर ती अशी करकचून आवळायचे की नंतर सोडवताना माझी बोटं लाल व्हायची.

इंगवले सर, म्हणजे हिंदुराव इंगवले, आमचे मुख्य फोटोग्राफर. उंच, भरदार, मनगटात चांदीचं कडं. त्यांचा दबदबा नुसता वयामुळे नव्हता, माणूस खरोखर फोटोग्राफर होता. दिवाळीच्या अलीकडे पट्टणकोडोलीला बिरदेवाची यात्रा भरते. लोक देवावर भंडारा उधळतात, खारीक-खोबरं उधळतात, मेंढ्यांची लोकर उधळतात, आणि हळदीने आभाळ पिवळं होऊन जातं. सर त्या पिवळ्या ढगाच्या आत शिरून फोटो काढायचे. तो पहिल्या पानावर यायचा, मग त्याची मोठी फ्रेम होऊन संपादकांच्या खोलीत लागायची. दर यात्रेला नवी फ्रेम. लोक मुद्दाम बघायला यायचे.

मला जोतिबाची चैत्रयात्रा दिली होती, तिथे गुलाल उधळतात, म्हणून मी भात्याला प्लास्टिकची पिशवी बांधून नेली. पुढच्या काचेपुरतं भोक ठेवलं आणि बाकी सगळं रबराने पक्कं केलं. सरांनी ते पाहिलं आणि हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ए मगदूम, देवाला चाललीस का दूध आणायला?" मग हसू ओसरल्यावर गंभीरपणे म्हणाले, "देवाच्या दारात असं तोंड बांधून जात न्हाईत गं. अंगावर पडंल ते घ्यायचं असतंय." मी पिशवी काढली नाही, पण उलटून बोललेही नाही.

दिवाळीनंतर भाता करकरायला लागला. नळी सरकवली की दाताखाली खडा आल्यासारखं हाताला जाणवायचं. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "कडी आवळ." पुन्हा सांगितलं, तेव्हा म्हणाले, "तुला जड लागतंय ते. सवय न्हाई."

तर कुस्तीच्या त्या संध्याकाळी मी ऑफिसात परतले तेव्हा सर हॉलच्या मधोमध उभे होते. बातमी माझ्या आधी पोचली होती.

"कुठाय फोटो?"

"सर, भाता अडकला. मधेच..."

त्यांनी लेन्स माझ्या हातातून घेतली, नळी ओढून बघितली, ढकलून बघितली. कपाळाची शीर फुगली.

"घालवलीस," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण टायपिंग थांबलं. "मी ह्या लेन्सवर कितीतरी वर्षं काढली. तुझ्या हातात आली आणि घालवलीस. मी तवाच सायबांना सांगितलं होतं, बाईच्या मनगटाचं काम न्हाई हे."

"सर, मी तुम्हाला सांगितलं होतं, ती करकरते म्हणून."

"करकरती म्हनं. चल सायबांकडं."

संपादक देशिंगकर साहेब मृदू बोलायचे. त्यांचा मृदूपणा असा, की माणसाला आपण गुन्हा केलाय असं वाटायला लागावं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. दार उघडंच ठेवलं.

"मॅडम, उद्या सगळ्या पेपरांत कुस्ती असेल. आपल्यात काय छापू? कान?"

बाहेर कुणीतरी हसलं.

"सर, लेन्स आतून झिजली आहे. ती आधीपासून नीट चालत नव्हती."

"झिजली की झिजवली?" त्यांनी इंगवले सरांकडे पाहिलं. "हिंदुराव, तुम्हाला काय वाटतं?"

"चैत्रात जोतिबाला नेली होती हिनं. गुलाल गेला असणार आत."

"मी पिशवी बांधली होती, सगळ्यांनी बघितलीय ती पिशवी," मी म्हणाले.

"पिशवीनं गुलाल थांबतोय व्हय? तो कानात जातोय, नाकात जातोय. त्यो काय दमानं विचारून आत जातोय?"

देशिंगकर साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे त्यांचं भाषणाआधीचं लक्षण होतं.

"हे बघा मॅडम. देवाला नमस्कार करायला जायचं असेल तर रिकाम्या हाताने जावं. हातात यंत्र घेऊन गेलो की यंत्राची काळजी आधी. यंत्राला देवधर्म कळत नाही. तुमच्या लेन्समध्ये गेला तो गुलाल नाही, निष्काळजीपणा गेला." वाक्य त्यांना स्वतःलाच आवडलं असावं, कारण थोडं थांबून ते पुन्हा म्हणाले, "गुलाल नाही, निष्काळजीपणा."

मग त्यांनी निकाल दिला. सोमवारपासून मी महिला पुरवणी बघायची. भरली वांगी, रुखवत, हळदीकुंकवाच्या रांगोळ्या, यांचे फोटो. मोठ्या लेन्सला हात लावायचा नाही. कायम करायचं की नाही ते पुरवणीतलं काम बघून पुढे कधीतरी.

"तिकडं तुम्हाला बरं पडेल. घरच्यासारखं," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भरल्या वांग्यांशी माझं भांडण नाही, आमच्या घरी ती उत्तम होतात. पण मी कॅमेरा हातात घेतला तो वांग्यांसाठी नाही. रडू येईल अशी भीती होती, ते आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "लेन्स दुरुस्तीला मी नेते."

"न्या. तेवढं तरी करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाता घेऊन इलाहीभाईंकडे गेले. बिंदू चौकाच्या मागे त्यांचं दुकान. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, मग कॅमेऱ्यांकडे वळले. माणूस स्वतःवर बेहद्द खूश. "मी उघडली न्हाई अशी लेन्स अजून कुठल्या कारखान्यानं काढली न्हाई" हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे, आणि आपण कौतुकाने मान हलवेपर्यंत कामाला सुरुवात करायचे नाहीत. मी मान हलवली.

त्यांनी पांढरं फडकं अंथरलं, लेन्सवरचा रबराचा पट्टा सोलून काढला, खालचे बारीक स्क्रू सोडवले. नळी सुटताना तोच दळल्यासारखा आवाज झाला.

"काय गेलं म्हणालात ताई ह्यात? गुलाल?"

"मी नाही म्हणाले. ऑफिसात म्हणतात."

इलाहीभाईंनी नळी फडक्यावर हलकेच आपटली. मग जरा जोरात आपटली. मग ते मागे सरकून बसले.

फडक्यावर पिवळं पडलं होतं.

चिमूटभर नव्हे, चांगलं दोन बोटं भरतील एवढं. मी बोटावर घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. हळद. बोटाला डागही हळदीचाच पडला. नळीच्या आत जिथे तेल असतं तिथे त्या हळदीचा लगदा होऊन वाळला होता, मेंदीसारखा. कुठेही गुलाबी म्हणून काही नव्हतं. मी बांधलेल्या पिशवीने जोतिबाचा गुलाल बाहेरच ठेवला होता.

"ह्या चकत्या बघा," इलाहीभाई चिमट्याने दाखवत म्हणाले. आता त्यांना विषयाची गोडी लागली होती. "ह्यांच्यावर नळी सरकती. पार खाल्ल्यात. ताई, भाता हाय हा. पिवळ्या ढगात उभं ऱ्हायचं आन् हलवायचा, मग ढगच आत येणार की. वरनं कडी आवळायची. म्हंजे हळद आतल्या आत घोटायची. अडकंल न्हाई तर काय करंल? आन् हे काय..." त्यांनी लगद्यातून चिमट्याने काहीतरी ओढून काढलं. बारीक, काळपट, कुरळा धागा. "लोकर. मेंढीची लोकर हाय ही. हळद आन् लोकर म्हंजे कोडोलीच्या बिर..."

ते मधेच थांबले. चिमटा खाली ठेवला. कोडोलीला भाता कोण नेतं हे सगळ्या कोल्हापूरला माहीत होतं.

"मी असं करतो," ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "हे सगळं पुसून घेतो, चकत्या नव्या टाकतो, तेल देतो. संध्याकाळपातूर लेन्स मख्खन. गेलं ते गेलं."

"पुसू नका."

"आं?"

"काहीही पुसू नका. आहे तसं राहू दे. आणि तुम्ही माझ्याबरोबर ऑफिसात चला. आत्ता मला सांगितलंत तेच तिथे सांगा."

इलाहीभाईंनी दोन्ही हात झटकले. "न्हाई ताई. इंगवल्यांच्या शब्दावर निम्मं गिऱ्हाईक येतंय माझ्याकडं. मी काय बघितलं न्हाई. तुम्ही आला, मी लेन्स उघडली, मला चहा आला, मी चहा पीत होतो."

"तुम्हीच आत्ता धागा ओढून काढलात."

"चहा पीत होतो," ते म्हणाले, आणि खरोखरच पोराला हाक मारून चहा सांगितला.

मला त्यांचाही राग आला. काल ज्यांनी मला हाकललं त्यांच्याइतकाच. सगळ्यांना सगळं दिसतं आणि सगळ्यांना ऐन वेळी चहा येतो. मी पिशवीतून माझा जेवणाचा डबा काढला. त्यातली भाकरी आणि झुणका त्यांच्या काउंटरला टेकून उभ्याउभ्या खाल्ला, कारण रागात मला भूक लागते. डबा धुऊन कोरडा केला. नळी, चकत्या, धागा आणि ती हळद, सगळं फडक्यासकट डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

"फडकं माझं हाय," इलाहीभाई म्हणाले.

"परत आणून देते. तोवर चहा प्या."

ऑफिसात गेले तेव्हा संपादकांच्या खोलीत इंगवले सर आणि डेस्कवरचे दोघं बसलेले होते. आजच्या पेपरात आपण कुस्तीत कसे मागे पडलो याचीच चर्चा चालली होती. मी विचारलं नाही, आत गेले आणि डबा टेबलावर ठेवला.

"हे काय? पुरवणीचा पदार्थ का?" देशिंगकर साहेबांनी विचारलं. डेस्कवरचे दोघं हसले.

मी झाकण काढलं.

हसू थांबलं. खोलीत हळदीचा वास पसरला. इंगवले सर उठून टेबलाजवळ आले, त्यांनी फडक्याचं टोक उचललं, तो लोकरीचा धागा पाहिला आणि टोक हळूच परत खाली ठेवलं. त्यांना एका नजरेत सगळं समजलं होतं.

"गुलाल नाही सर," मी म्हणाले. "हळद आहे, आणि ही लोकर. भात्याच्या आतून निघाली. मी भाता भंडाऱ्याला कधीही नेलेला नाही. हळद कुठून आली ते तुमच्या मागे भिंतीवर लावलंय."

देशिंगकर साहेबांनी वळून पाहिलं. त्यांच्या डोक्यामागे इंगवले सरांची नवी फ्रेम होती. पिवळ्या ढगात हात पसरून उभा असलेला म्हातारा धनगर, त्याच्या मुंडाशावर लोकर, आणि ढग असा दाट की फोटो काढणारा त्याच्या आतच उभा होता हे कुणीही ओळखावं.

मला वाटलं, आता ते माझी माफी मागतील. खरंच वाटलं. मी मनात उत्तरसुद्धा तयार केलं होतं, की असू दे सर, माझं काम तेवढं मला परत द्या.

साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी पायांतल्या चपला काढल्या. टेबलाला वळसा घालून आले, डब्यापुढे हात जोडले, डोळे मिटले.

"बिरदेवाच्या नावानं चांगभलं," ते म्हणाले.

मग त्यांनी बोटाने भंडारा घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला. डेस्कवरच्या दोघांनी लगबगीने चपला काढल्या आणि पुढे होऊन लावला. इंगवले सर तसेच उभे होते, तेव्हा साहेबांनी स्वतःच्या हाताने त्यांच्या कपाळावर बोट ओढलं.

"काय योग आहे बघा हिंदुराव," साहेब भारावून म्हणाले. "इतकी वर्षं तुम्ही त्याचा फोटो काढता, आणि तो येऊन तुमच्या लेन्समध्ये बसला. यावर रविवारी एक छान लेख होईल. लेन्समध्ये प्रकटलेला देव. हा डबा असाच राहू दे, फोटो घेऊ."

माझ्या जेवणाच्या डब्याचा देव्हारा झाला होता.

"सर, आणि कालचं?"

"कालचं काय?" त्यांना खरोखर आठवावं लागलं. "हां, ते. अहो, यात दोष कुणाला द्यायचा? कुणाचाच दोष नाही. देवाच्या मनात आलं, तो आला. या, तुम्हीही लावा."

त्यांनी पिवळं बोट माझ्या कपाळाकडे आणलं. मी मागे सरकले.

"एक विचारते सर. हाच डबा गुलालाने भरलेला निघाला असता, तर तुम्ही तो कपाळाला लावला असता?"

"म्हणजे काय?"

"जोतिबाही देवच आहे. काल तुम्हाला वाटत होतं की आत गुलाल आहे आणि तो माझ्यामुळे गेलाय. तेव्हा तुम्ही चपला काढल्या नव्हत्या. तेव्हा तुम्ही मला म्हणालात, यंत्राला देवधर्म कळत नाही. म्हणालात, आत गेला तो गुलाल नाही, निष्काळजीपणा गेला. दोनदा म्हणालात. मग आज हा भंडारा कसा झाला? माझ्या हातून गेला तर निष्काळजीपणा, आणि सरांच्या हातून गेला तर प्रसाद?"

डेस्कवरच्या एकाने नकळत कपाळावरचं पुसायला हात उचलला आणि साहेबांकडे बघून परत खाली घेतला.

"मॅडम, शब्दाला शब्द लावायची ही जागा नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज अजून मृदूच होता, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "तुमची पुरवणी रद्द. मी मोठ्या मनाने सांगतोय. झालं समाधान?"

"नाही झालं. मोठ्या मनाचं काम नाही हे. काल हे दार उघडं होतं. मी लेन्स घालवली हे हॉलमधल्या प्रत्येकाने ऐकलंय. बाईच्या मनगटाचं काम नाही, हेही ऐकलंय. ते खोटं होतं हे त्यांनी कुणाकडून ऐकायचं? रविवारच्या लेखातून? त्यात मी कुठे असणार आहे?"

"वडीलधाऱ्या माणसाचा असा पाणउतारा करायचा असतो का? हिंदुरावांनी काय तुमच्यासमोर हात जोडायचे?"

"हात जोडायला मी देव नाही. खरं सांगितलं तरी पुरे."

इंगवले सर इतका वेळ डब्याकडे बघत होते. त्यांनी त्यातली एक चकती उचलली, तिच्या खाल्लेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "दिवाळीनंतर सांगितली होतीस न्हवं करकरती म्हणून?"

"दोनदा."

"हं," ते म्हणाले. "चल."

ते हॉलमध्ये गेले, त्यांच्यामागे मी. साहेब आणि ते दोघं दारात येऊन उभे राहिले. काल जिथे उभं राहून त्यांनी माझ्या हातातून लेन्स घेतली होती, नेमके तिथेच सर थांबले. माणसं आपोआप वर बघायला लागली. काहींनी त्यांच्या कपाळावरचं पिवळं पाहिलं आणि त्यांचे हात जोडले जायला लागले.

सरांनी खिशातून रुमाल काढला. कपाळावरचा भंडारा पुसला. एकदा पुसून गेला नाही, हळदच ती. तेव्हा रुमालाचं टोक ओठांशी ओलं करून घासून पुसला, नुसतं लाल कपाळ राहीपर्यंत. रुमालाची घडी घातली आणि ती नीट, देवाचं आहे हे न विसरता, वरच्या खिशात ठेवली.

"काल मी मगदूमला बोललो," ते म्हणाले. "लेन्स तिनं घालवली न्हाई. मी घालवली. कोडोलीला उघडी घेऊन गेलो. हिनं सांगितलं करकरती म्हणून, तर कडी आवळ म्हणालो. चूक माझी हाय. देवाची न्हाई आन् हिची तर न्हाईच."

एवढं बोलून ते आपल्या टेबलाशी गेले, लेन्सच्या कपाटाची किल्ली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. त्यांनी तेव्हाही माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही त्यांचे आभार मानले नाहीत. माझं माझ्याकडे परत आलं होतं, त्यात आभार कसले?

मी संपादकांच्या खोलीत जाऊन डबा उचलला, झाकण लावलं आणि इलाहीभाईंचं फडकं द्यायला निघाले. रविवारचा लेख काही आला नाही. देशिंगकर साहेबांच्या कपाळावरचा भंडारा मात्र ते घरी जाईपर्यंत जागच्या जागी होता.